बार्शीचा ट्रक आणि फुजियानचे जहाज

माझे गाव जेऊर. करमाळा तालुक्यातले, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे. पूर्वी आमच्याकडून बार्शीला जायचे तर पॅसेंजरने केम ओलांडून कुर्डुवाडीला उतरायचे आणि तिथे बार्शी लाइटच्या अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीत बसायचे. बार्शीची भुसार पेठ मोठी. ज्वारी-तूर विकायला, बियाणे आणायला, सोयरिकीची बोलणी करायला पंचक्रोशीतला माणूस बार्शीला जात असे.

आमच्या घरातली जुनी माणसे काळ मोजताना सन सांगत नसत. बहात्तरचा दुष्काळ, धरणाचे पाणी आले ते वर्ष, आणि ‘नसबंदीचं साल’ अशा त्यांच्या खुणा होत्या. पहिल्या दोन खुणांबद्दल ती भरभरून बोलत. तिसरीबद्दल मात्र एखादेच वाक्य यायचे, ‘त्या साली बार्शीला कुणी जाईना’, आणि विषय बदलायचा. तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. पुष्कळ वर्षांनी निर्वासितांच्या कायद्यावरचे काही परदेशी निकाल वाचत होतो. सगळे खटले चिनी शेतकऱ्यांचे होते. सरकार नसबंदी करील या भीतीने, किंवा ती झाल्यावर, देश सोडून आलेली ही माणसे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयांकडे आश्रय मागत होती. त्यांच्या जबान्या वाचताना ते घरातले अर्धवट वाक्य आठवले. मूल किती असावे हे सरकारने ठरवावे आणि न ऐकणाऱ्याच्या शरीराला हात घालावा, हा अनुभव सोलापूर जिल्ह्याला परका नाही. फरक पुढचा आहे. फुजियानच्या माणसाने समुद्र ओलांडला आणि त्याची कैफियत न्यायालयात नोंदली गेली. आमच्या माणसाची फारशी कुठे नोंदली गेली नाही. या दोन कहाण्या शेजारी ठेवून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

बार्शी, जानेवारी १९७६

आणीबाणी लागून सहा-सात महिने झाले होते. कुटुंबनियोजनाच्या कामाला उद्दिष्टांचा जोर आला होता. जिल्ह्याला आकडा, तालुक्याला आकडा, आणि त्याखाली शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांच्या नावावर ‘केसेस’. जानेवारी १९७६ मध्ये बार्शीत दहा दिवसांची मोहीम आखली गेली. उद्दिष्ट होते एक हजार शस्त्रक्रियांचे. पहिले दोन दिवस कोणीच आले नाही. त्यानंतर नगरपालिकेचे कचरा वाहणारे दोन ट्रक रस्त्यावर फिरू लागले. बाजाराला, कामाला आलेल्या माणसांना धरून त्यांत चढवले गेले आणि शिबिरात नेले गेले. त्यांत शेजारच्या खेड्यांतून आलेले शेतकरी होते. लग्न न झालेले होते, वय उलटून गेलेले होते, एक-दोनच मुले असलेलेही होते. उद्दिष्ट पुरे झाले.

हा प्रकार आणीबाणीतल्या सक्तीच्या अभ्यासकांनी पुढे नोंदवला, म्हणून आज आपल्याला माहीत आहे. उत्तरेतल्या घटना त्याहून जास्त गाजल्या. एप्रिल १९७६ मधले दिल्लीचे तुर्कमान गेट, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातला मुझफ्फरनगरचा गोळीबार, नोव्हेंबरात हरियाणातल्या उटावड गावाला पडलेला पोलिसांचा वेढा. पण कालक्रम पाहिला तर बार्शी या तिन्हींच्या आधीची आहे. सक्ती उत्तरेत जन्मली आणि महाराष्ट्र शहाणा राहिला, हा आपला समज तपासून घ्यावा असा आहे.

आकडेही तेच सांगतात. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख ६० हजार नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आदल्या वर्षी त्या २७ लाखांच्या आसपास होत्या. महाराष्ट्राला दिलेले उद्दिष्ट सुमारे ५ लाख ६२ हजारांचे होते आणि प्रत्यक्षात सुमारे ८ लाख ३३ हजार शस्त्रक्रिया झाल्या. आणीबाणीनंतर नेमलेल्या शहा आयोगाने देशभरात नसबंदीशी संबंधित १,७७४ मृत्यू नोंदवले.

मंजूर झालेले आणि विसरलेले विधेयक

महाराष्ट्राच्या कुटुंबनियोजनाचा इतिहास सक्तीने सुरू होत नाही, हेही सांगितले पाहिजे. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. त्यांचा सगळा भर व्यक्तीच्या निवडीवर, विशेषतः स्त्रीच्या निवडीवर होता. सरकार विरोधात, समाज विरोधात, आणि हा माणूस सांगत होता की मूल कधी आणि किती हे ज्याचे त्याने ठरवावे. पुढे पन्नास वर्षांत सरकारने कर्व्यांची साधने उचलली आणि त्यांचे तत्त्व टाकून दिले.

१६ एप्रिल १९७६ रोजी केंद्रीय आरोग्यमंत्री करणसिंग यांनी राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केले. त्यात लग्नाचे वय वाढवण्यासारख्या अनेक गोष्टी होत्या. पण कळीची बाब अशी की, सक्तीच्या नसबंदीचा कायदा केंद्र स्वतः करणार नव्हते, मात्र एखाद्या राज्याला तो करावासा वाटला तर त्याला मोकळीक होती. त्या मोकळिकीचा सर्वांत ठळक उपयोग महाराष्ट्राने केला. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी १९७६ मध्ये कुटुंबाच्या आकारावर मर्यादा घालणारे विधेयक मंजूर केले. तीन हयात मुले असलेल्या जोडप्यापैकी एकाने नसबंदी करून घेणे बंधनकारक, तिन्ही मुले एकाच लिंगाची असतील तर सवलत, आणि न करणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद असा त्याचा गाभा होता. जगातल्या कोणत्याही लोकनियुक्त विधिमंडळाने असे पाऊल उचलल्याचे दुसरे उदाहरण सहज सापडत नाही.

विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेले आणि ती संमती मिळाली नाही. १९७७ मध्ये निवडणुका झाल्या, केंद्रातले सरकार गेले आणि विधेयक बारगळले. त्यामुळे बार्शीच्या ट्रकला कायद्याचा आधार कधीच नव्हता. पण तो आधार देण्याची तयारी आपल्या सभागृहांनी दाखवली होती. ट्रक आणि विधेयक एकाच वर्षातले आहेत हे लक्षात ठेवायला हवे.

चीनचे एक मूल

आपल्याकडे सक्तीची लाट ओसरली आणि चीनमध्ये ती उठली. १९७९ पासून तिथे एक मूल धोरणाची सुरुवात झाली. २५ सप्टेंबर १९८० रोजी कम्युनिस्ट पक्षाने आपल्या सदस्यांना खुले पत्र लिहून एकाच मुलावर थांबण्याचे आवाहन केले. आवाहनाचा आदेश व्हायला वेळ लागला नाही. १९८३ च्या मोहिमेत एका वर्षात दोन कोटींहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य स्त्रियांच्या होत्या. पुढच्याच वर्षी खेड्यांसाठी थोडी ढील दिली गेली. पुष्कळ प्रांतांत पहिली मुलगी असेल तर दुसऱ्या मुलाला परवानगी मिळू लागली. पण पहिल्या मुलानंतर तांबी, दुसऱ्यानंतर नसबंदी आणि परवानगीवाचून राहिलेल्या गर्भाचा गर्भपात ही रीत अनेक ठिकाणी चालू राहिली. ज्यांनी जुमानले नाही त्यांना भरमसाट दंड भरावा लागे. मुलाची कुटुंब नोंदणी होत नसे, आणि नोंद नाही म्हणजे शाळा नाही, दवाखाना नाही, पुढे नोकरी नाही. अशा मुलांना तिथे ‘काळी मुले’ म्हणत. २०१० च्या जनगणनेत नोंद नसलेल्यांची संख्या सुमारे १ कोटी ३० लाख निघाली. त्यांतले सगळेच नियोजनाचे बळी नव्हते, पण मोठा भाग होता.

इथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने लोकसंख्या पुरस्कार पहिल्यांदा दिला तो १९८३ मध्ये, आणि तो पहिलाच पुरस्कार दोघांना विभागून दिला गेला. एक होत्या इंदिरा गांधी. दुसरे होते चीनच्या कुटुंबनियोजन खात्याचे मंत्री छ्यान शिनझोंग. ज्या वर्षी चीनमध्ये दोन कोटी माणसे शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेली त्याच वर्षीचा हा सन्मान. लोकसंख्येच्या स्फोटाची भीती तेव्हा जगभर एवढी होती, की ती आवरण्याचा मार्ग कोणता याची चौकशी करायला फारसे कोणी तयार नव्हते. पुढे याच जगाच्या न्यायालयांसमोर ती चौकशी उभी राहिली.

छळ कशाला म्हणायचे?

निर्वासित कोण हे १९५१ च्या जिनिव्हा कराराने ठरवले आहे. ज्याला आपल्या देशात छळाची साधार भीती आहे आणि तो छळ वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाचांपैकी एखाद्या कारणाने होणार आहे, तो निर्वासित. भूक, दुष्काळ, बेकारी या कारणांनी आलेला माणूस यात बसत नाही. भारताने या करारावर सही केलेली नाही, पण अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांचे कायदे याच व्याख्येवर उभे आहेत.

आता यात चिनी शेतकरी बसवून पाहा. त्याला नसबंदीची भीती आहे हे खरे. पण ती पाचांपैकी कोणत्या कारणाने? तो कोणत्या अल्पसंख्य धर्माचा नाही, वंशाने बहुसंख्यच आहे, आणि राजकारणात त्याने कधी भाग घेतलेला नाही. त्याला तिसरे मूल हवे आहे, एवढेच. मूल हवे असणे हे राजकीय मत आहे का?

अमेरिकेच्या स्थलांतर अपील मंडळाने १९८९ मध्ये चांग नावाच्या माणसाच्या प्रकरणात ‘नाही’ असे उत्तर दिले. चांग फुजियान प्रांतातला, दोन मुलांचा बाप. नसबंदी टाळण्यासाठी तो पळून आला होता. मंडळाचे म्हणणे असे की, एक मूल धोरण सर्वांना सारखे लागू आहे. सर्वांना लागू असलेला नियम, तो कितीही कठोर असला तरी, एखाद्याचा ‘छळ’ ठरत नाही. तो निवडक लोकांवर, दुसऱ्या कुठल्या रागापोटी लादला जात असेल तर गोष्ट वेगळी.

या युक्तिवादापाशी मराठी वाचकाने थांबावे. ‘सर्वांना सारखा’ हे शब्द कागदावर खरे असतात. बार्शीचे उद्दिष्टही कागदावर सगळ्या तालुक्यासाठी होते. पण ट्रक कोणाला उचलतो? बाजाराला पायी आलेल्याला, मजुराला, ज्याच्यासाठी मामलेदाराला फोन करणारे कोणी नाही त्याला. मोटारीतून जाणाऱ्याला ट्रकात चढवल्याचे ऐकिवात नाही. नियम सर्वांचा असतो, सक्ती मात्र ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या वाट्याला येते. चीनमध्येही दंड भरू शकणारे दंड भरून मोकळे होत आणि बाकीच्यांचे काय व्हायचे ते होई.

‘गोल्डन व्हेंचर’

चांगच्या निकालानंतर काही आठवड्यांतच तियानमेन चौकातले हत्याकांड झाले आणि अमेरिकेचे चीनविषयीचे वातावरण पालटले. राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी १९९० मध्ये आदेश काढून सक्तीच्या नसबंदी-गर्भपाताच्या भीतीने आलेल्यांचा सहानुभूतीने विचार करायला सांगितले. पण नियम आणि निकाल यांचा मेळ बसेना. पुढची काही वर्षे एकाच प्रकारच्या दोन अर्जदारांना दोन वेगवेगळी उत्तरे मिळत राहिली.

६ जून १९९३ च्या पहाटे ‘गोल्डन व्हेंचर’ नावाचे मालवाहू जहाज न्यूयॉर्कच्या रॉकअवे किनाऱ्यालगत वाळूत रुतले. जहाजाच्या पोटात २८६ माणसे होती, बहुतेक फुजियानची. माणसे पोहोचवणाऱ्या टोळ्यांना त्यांनी हजारो डॉलर कबूल केले होते. थंड पाण्यात उड्या घेतलेल्यांपैकी दहाजण मेले. उरलेल्यांना कोठडीत टाकले गेले. त्यांतल्या अनेकांनी एक मूल धोरणाचे कारण देऊन आश्रय मागितला आणि पुष्कळांचे अर्ज फेटाळले गेले. काहीजण जवळजवळ चार वर्षे पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावच्या तुरुंगात राहिले. तिथे वेळ घालवायला ते मासिकांची पाने आणि टॉयलेट पेपर यांच्या घड्या घालून गरुड, जहाजे, झाडे बनवीत. ही शिल्पे पुढे संग्रहालयांत पोहोचली. बनवणारे शेवटचे पन्नासेक कैदी फेब्रुवारी १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने सुटले.

त्याआधी सप्टेंबर १९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने निर्वासिताच्या व्याख्येतच भर घातली होती. ज्याच्यावर सक्तीने गर्भपात किंवा नसबंदी झाली, अथवा सक्तीच्या लोकसंख्या नियंत्रणाला विरोध केल्याबद्दल ज्याचा छळ झाला, त्याचा छळ राजकीय मतामुळेच झाला असे मानले जाईल, अशी ती तरतूद. कायदा ‘मानतो’ तेव्हा सिद्ध करण्याचे ओझे कमी होते. वर्षाला एक हजार माणसांची मर्यादा तिला होती, ती २००५ मध्ये काढली गेली. ही भर निव्वळ करुणेतून आली असे नाही. तिच्यामागे अमेरिकेतल्या गर्भपातविरोधी राजकारणाचे बळ होते आणि चीनला खिजवण्याची संधीही होती. पण एखादे दार कोणत्या हेतूने उघडले यापेक्षा ते उघडले हे आत येणाऱ्याला महत्त्वाचे असते.

दार उघडल्यावर नवे प्रश्न आले. नसबंदी बायकोची झाली तर नवऱ्याचाही छळ झाला का? १९९७ मध्ये मंडळाने ‘हो’ म्हटले, कारण वंश दोघांचा थांबला. २००८ मध्ये अमेरिकेच्या महाधिवक्त्यांनी ते उत्तर फिरवले. ज्याच्या शरीरावर शस्त्रक्रिया झाली त्यालाच ही तरतूद आपोआप लागू होईल, जोडीदाराने स्वतःचा विरोध आणि स्वतःचा छळ वेगळा दाखवावा. आणखी एक युक्तिवाद मोठा विलक्षण होता. नसबंदी एकदाच होते, ती आता होऊन गेली, मग परत गेल्यावर भीती कसली? २००३ मध्ये मंडळाने तो फेटाळला. ही जखम होऊन गेलेली नाही, ती रोज चालू असते, कारण न होणारे मूल दरवर्षी होत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

कॅनडात १९९३ च्या च्यूंग खटल्यात अपील न्यायालयाने एकाहून अधिक मुले असलेल्या आणि सक्तीच्या नसबंदीला सामोऱ्या जाणाऱ्या चिनी स्त्रियांना ‘विशिष्ट सामाजिक गट’ मानले. दोनच वर्षांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चॅन नावाच्या पुरुषाचा अर्ज चार विरुद्ध तीन मतांनी फेटाळला, मुख्यतः पुरावा अपुरा म्हणून. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितले की, ज्यांना एकमेकांशी जोडणारी गोष्ट फक्त छळाची भीती आहे ते गट होत नाहीत. पण २००० मध्ये त्याच न्यायालयाने स्थलांतरितांच्या कोठडीत जन्मलेल्या एका चिनी मुलाला निर्वासित मानले. आईबापांनी नियम मोडला असेल, मुलाने काय मोडले? ‘काळे मूल’ म्हणून त्याच्या वाट्याला येणारे जिणे हा जन्माबद्दल दिलेला छळ ठरला.

कागद

या सगळ्या खटल्यांच्या तळाशी एक साधा प्रश्न आहे. सक्ती झाली हे कशावरून?

चिनी अर्जदार अनेकदा गर्भपाताचा दाखला सादर करीत. त्यावर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या अहवालांत लिहिले की, चीनमध्ये सक्तीच्या गर्भपाताचा दाखला दिला जात नाही. दाखला मिळतो तो स्वेच्छेने केलेल्या गर्भपाताचा, कामावरून आजारपणाची रजा मिळावी म्हणून. परिणाम असा झाला की, ज्या बाईने पुरावा म्हणून कागद आणला तिचा कागद तिच्याच विरुद्ध उभा राहिला. कागद नसता तर पुरावा नाही. कागद आहे, तर संमती होती.

आपल्याकडे वेगळे काय होते? नसबंदीचा दाखला हा त्या वर्षांतला महत्त्वाचा दस्तऐवज. देशात अनेक ठिकाणी त्याच्यावाचून पगार अडत, परवाने अडत, कर्ज अडे. त्या दाखल्यामागे संमतीपत्र असे आणि त्यावर सही किंवा अंगठा असे. ट्रकातून उतरवलेल्या माणसाचाही अंगठा घेतला की तो ‘स्वेच्छेने आलेला लाभार्थी’ होई आणि त्याला अनुदानाचे पैसे मिळत. पैसे घेतल्याची पावतीही फाइलला लागे. उद्या कोणी या माणसाला विचारले असते की सक्ती झाली हे सिद्ध कर, तर त्याने काय दाखवले असते? त्याच्याजवळ होता तो कागद त्याच्या संमतीचा होता. सक्तीचे हेच तंत्र आहे. ती शरीरावर एक खूण ठेवते आणि दप्तरात नेमकी उलटी नोंद ठेवते.

म्हणून या निकालांतली सर्वांत मोलाची पाने मला त्यांच्या कायद्याच्या चर्चेची वाटत नाहीत. अर्जदाराला दिवस, वेळ, खोली, कोण उभे होते, कोणी हात धरले हे सगळे विचारले जाते आणि लिहून घेतले जाते, ती पाने मोलाची आहेत. अर्ज फेटाळला गेला तरी ती जबानी उरते. बार्शीतल्या हजारांपैकी किती जणांची अशी जबानी उरली?

पेटी आणि समुद्र

१९९६ च्या अमेरिकी तरतुदीत चीनचे नाव नाही. शब्दांपुरते पाहिले तर ट्रकात कोंबलेला आमचा शेतकरीही तिच्यात बसतो. पण १९७६ मध्ये ती तरतूद नव्हती, आणि असती तरी बार्शीच्या पुढे न गेलेला माणूस अमेरिकेला कसा जाणार? त्याच्याजवळ दुसरे एक साधन होते, जे फुजियानच्या माणसाजवळ नव्हते. मार्च १९७७ मध्ये मतपेट्या आल्या. उत्तर प्रदेश, बिहार, हरियाणात जिथे सक्ती सर्वाधिक झाली तिथे काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. भारतीय लोकशाहीने नसबंदीचा जबाब मतपेटीतून दिला असे आपण अभिमानाने सांगतो आणि ते बव्हंशी खरे आहे.

पण महाराष्ट्राचा आकडा पाहा. इथे ४८ पैकी २० जागा काँग्रेसने राखल्या. ज्या राज्याने उद्दिष्टाच्या दीडपट शस्त्रक्रिया केल्या आणि सक्तीचे विधेयक मंजूर केले, तिथला कौल एवढा निःसंदिग्ध नव्हता. सहकारी संस्थांचे जाळे, पक्षाची गावापर्यंतची पकड, आणि ज्याच्यावर सक्ती झाली त्याची लाज, अशी त्याची कारणे असू शकतात. नसबंदी झालेला पुरुष चावडीवर उठून ते सांगेल अशी आपली समाजरचना नव्हती. मतपेटीने देशाला उत्तर मिळाले, त्या माणसाला ते मिळालेच असे नाही.

आणि त्या उत्तराची किंमत कोणी मोजली हेही पाहावे. १९७६-७७ मधल्या शस्त्रक्रियांत पुरुषांचा वाटा तीन चतुर्थांश होता. पुढच्या वर्षी एकूण शस्त्रक्रियाच साडेनऊ लाखांवर घसरल्या आणि पुरुष नसबंदी जवळजवळ संपली. राज्यकर्त्यांनी धडा घेतला तो असा की, पुरुषाला हात लावायचा नाही. कार्यक्रम बायकांकडे वळला आणि तिथेच राहिला. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळते. पुरुषांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, कमी धोक्याची. आजही आमच्याकडे सुनेचे ‘ऑपरेशन’ कधी करायचे याची चर्चा घरात उघड होते, मुलाचे करावे असे कोणी म्हटले तर घरात शांतता पसरते. ती शांतता १९७६ मधली आहे.

दोनचा दंडक

सक्ती संपली म्हणताना ती कुठल्या रूपाने उरली हेही पाहिले पाहिजे. सप्टेंबर २००१ नंतर दोनहून अधिक अपत्ये झालेल्या व्यक्तीला महाराष्ट्रात ग्रामपंचायत सदस्य राहता येत नाही. २००५ च्या नियमांनी सरकारी नोकरीसाठी छोट्या कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र आवश्यक केले. हरियाणाच्या अशाच तरतुदीला सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये जावेद खटल्यात वैध ठरवले. निवडणूक लढवणे हा मूलभूत हक्क नाही, असे त्यातले एक कारण.

हा छळ आहे का? परदेशी न्यायालयांच्या कसोटीने नाही. इथे कोणी शरीराला हात लावत नाही, पद जाते एवढेच. बार्शीचा ट्रक आणि अपात्रतेची नोटीस यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तरी एक प्रश्न राहतो. सरपंचपदावरच्या बाईला तिसरे मूल होते तेव्हा तो निर्णय तिचा असतो का? मुलगा हवा म्हणून घर अडून बसते आणि पद मात्र तिचे जाते. निर्मला बुच यांनी पाच राज्यांतल्या पंचायतींत या दंडकाचा अभ्यास केला तेव्हा बायको टाकणे, मूल दुसऱ्याच्या नावावर दाखवणे, गर्भलिंग पाहून गर्भपात करणे असे प्रकार समोर आले. महाराष्ट्र त्या पाचांत नव्हता. पण आपल्याकडे सहा वर्षांखालच्या मुलींचे दर हजारी प्रमाण १९९१ मध्ये ९४६ होते, ते २०११ मध्ये ८९४ वर आले. याला एकटा दंडक कारण नाही. पण मुलगा हवाच आणि मुले दोनच, या दोन अटी एकत्र आल्या की मधल्यामध्ये कोण गळते हे सांगायला लागत नाही.

चीनने २०१६ पासून दोन मुलांना आणि २०२१ मध्ये तिसऱ्यालाही परवानगी दिली. आज तिथले सरकार मुले व्हावीत म्हणून विनवण्या करते आहे. पण शिनजियांगमध्ये उइगूर स्त्रियांवर याच काळात नियोजनाची सक्ती वाढल्याची विश्वसनीय चिन्हे संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२२ च्या अहवालात नोंदवली. म्हणजे सरकारला हवी तेव्हा मुले थोडी, हवी तेव्हा जास्त, आणि कोणाची हवी, कोणाची नको हेही सरकारच ठरवणार. महाराष्ट्राचा जननदरही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ वर आलेला दिसला. तो मुख्यतः मुलींच्या शिक्षणाने, बालमृत्यू घटल्याने, शेतीचे तुकडे झाल्याने आला. उद्या इथेही जास्त मुलांचे आवाहन सुरू होईल. तेव्हा आजीच्या वेळचे आणि नातीच्या वेळचे आदेश उलटसुलट असतील, आणि पोट मात्र दोन्ही वेळेला बाईचेच असेल.

कुर्डुवाडी-बार्शीचे अरुंद रूळ उखडून तिथे रुंद मार्ग झाला त्यालाही आता बरीच वर्षे झाली. १९७६ मध्ये पंचविशीत असलेले पुरुष आज पंच्याहत्तरीत आहेत. आमच्या भागात अजून ते पारावर, एसटी स्टँडवर भेटतात. त्यांना कोणत्याही देशाचा आश्रय नको आहे. पण अमेरिकेतला एखादा न्यायाधीश जे प्रश्न अनोळखी चिनी शेतकऱ्याला विचारतो, ते आपण आपल्याच म्हाताऱ्यांना पन्नास वर्षांत विचारलेले नाहीत. कोणत्या दिवशी? कोण होते? तुम्ही काय म्हणालात? अंगठा कोणी धरला? ‘त्या साली बार्शीला कुणी जाईना’ हे वाक्य मी ऐकले तेव्हा पुढे काही विचारले नाही. सांगणारे माणूस आता नाही.